गोंडपिपरीत जप्त झालेला समुद्र

गोंडपिपरीपासून समुद्र नेमका किती लांब आहे, याचा विचार हेमराज पचारे यांनी आयुष्यातली बावन्न वर्षं केला नव्हता. तसं कारणच पडलं नाही. पचारे घराणं मासे धरणारं खरं, पण ते मामा तलावातले, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्यांतले, आणि नदीतले. रोहू, कतला, मरळ. समुद्राशी या घराण्याचा संबंध मिठापुरता, आणि तेही किराणा दुकानातून पिशवीत येणारं. असं असताना यंदाच्या जूनमध्ये समुद्र त्यांच्या अंगणात आला, तीन ड्रममध्ये भरून बसला, आणि दोन दिवसांत त्याचा रीतसर पंचनामा झाला.

मुळात घरात समुद्र आणला तो पोरीनं. दिव्यानी रत्नागिरीला मासोळ्यांचं कॉलेज शिकते. मागच्या दिवाळीत तिनं शंभर लिटरची काचेची टाकी मांडून दिली आणि तिच्यात दोन नारिंगी मासे सोडले, अंगावर पांढरे पट्टे, लांबी तीन बोटं. शिवाय एका दगडाला चिकटलेला, कानाच्या पाळीसारखा हलणारा एक मऊ जीव होता. त्याला ती प्रवाळाचा भाऊबंद म्हणायची. हेमराजभाऊंची आई मनकर्णाबाई गावाहून आली, तिनं टाकीपुढे बसून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "खाता येत नाई, विकता येत नाई. मंग पोसून कायले राह्यले?"

याचं उत्तर हेमराजभाऊंकडे होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. पोर शिकायला गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं. संध्याकाळी कॉलेजातल्या नोकरीवरून आले की ते चहाचा कप घेऊन टाकीपुढे बसत. मासे काचेशी येत, तोंड उघडझाप करत, आणि त्यांना वाटे की घरात कोणीतरी आपली वाट पाहत होतं. बायको रीता समोरच स्वयंपाकघरात असायची, तीही वाट पाहत असायची, पण तो विषय वेगळा.

एप्रिलमध्ये मात्र घोटाळा झाला. उन्हाळ्यानं टाकीतलं पाणी रोज बोटभर आटायचं. तलाव आटला की पाणी सोडायचं, हे पचाऱ्यांच्या रक्तात. हेमराजभाऊ रोज बोटभर खारं पाणी ओतत गेले. तिसऱ्या आठवड्यात मासे तळाला बसले आणि तो मऊ जीव सुपारीएवढा आक्रसला. दिव्यानीनं व्हिडिओ कॉलवर टाकी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, पाणी उडते, मीठ नाई उडत. तुम्ही रोज खारं टाकून राह्यले होते?"

सत्तावीस वर्षं हेमराजभाऊ कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्रयोगशाळा सहायक आहेत. बाष्पीभवनाचा प्रयोग त्यांनी स्वतः किमान पाचशे वेळा मांडून दिला असेल. मांडून दिला, एवढंच. करायचे सर, आणि नळ्या धुवायचे हेमराजभाऊ. त्यामुळे बाष्पीभवन त्यांच्याशी कधी थेट बोललं नव्हतं.

"जूनमध्ये मी येतो," दिव्यानी म्हणाली. "तोपर्यंत नीट सांभाळा. नाई जमलं तर टाकी नागपूरले माझ्या मैत्रिणीकडे देऊ. राग नका मानू बाबा, जीव आहेत ते."

राग नाही आला. टाकी जाते की काय, एवढंच डोक्यात राहिलं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, आणि रीतानं विचारलं तर म्हणाले, वांगं खारट झालं.

मासे सावरले, पण मे संपता संपता मिठाचा डबा संपला. टाकीच्या पाण्यासाठी खास मीठ येतं, समुद्रात जे जे असतं ते सगळं मोजून घातलेलं. दिव्यानी वापरायची त्या कंपनीनं ते मीठ बंद केलं होतं. "मी इथून दुसरं पाठवू का?" तिनं विचारलं. एका वाक्याचं काम होतं. पण हेमराजभाऊंचा स्वाभिमान एप्रिलपासून दुखावलेलाच होता. ते म्हणाले, "काई गरज नाई. बाजारात तीन प्रकारचं मीठ आहे. तिन्ही आणतो, तिन्हीची चाचणी घेतो आणि तू येशीन तवा अहवाल देतो."

अहवाल हा शब्द त्यांच्या तोंडून सहज निघून गेला, आणि निघाल्यावर त्यांना फार आवडला.

मीठ आलं. एक निळ्या डब्यात, एक लाल डब्यात, आणि एक हैदराबादहून साध्या पोत्यात. शेजारचे धनराजभाऊ कुंपणावरून पाहत होते. धनराजभाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि तेव्हापासून गल्लीतली कोणतीही गोष्ट त्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

"मीठ ते मीठ," धनराजभाऊ म्हणाले. "तीन-तीन कायले? किराण्यातून पाच किलो आणा अन् मोकळे व्हा."

"त्या मिठात कॅल्शियम नसते, मॅग्नेशियम नसते," हेमराजभाऊ म्हणाले. "माशाले चालत नाई."

"मंग त्यात हळद टाकून पाहा," धनराजभाऊ म्हणाले. हळद त्यांच्या मते सगळ्यावर चालते.

चाचणी शास्त्रशुद्ध हवी, म्हणून हेमराजभाऊंनी एक युक्ती केली. कंपनीचं नाव पाहून आपलं मन झुकू नये, यासाठी त्यांनी रीताला सांगितलं की तिन्ही मिठं साध्या पांढऱ्या पिशव्यांत भर, वर फक्त एक, दोन, तीन असे आकडे टाक, आणि कोणतं कोणतं ते मला सांगू नको. रीतानं तसं केलं आणि खूण गॅसच्या वहीत लिहून ठेवली. रिकाम्या डब्यांत तिनं लगेच तांदूळ आणि चणाडाळ भरली, कारण डबे छान होते.

बुधवारी अंगणात चाळीस लिटरचे तीन ड्रम मांडले. नळाचं पाणी चालत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या सहा कॅन मागवल्या. कॅनवाल्यानं विचारलं, लग्न कोणाचं आहे. हेमराजभाऊंनी प्रत्येक ड्रममध्ये मोजून दीड किलोच्या आसपास मीठ टाकलं, ढवळायला छोटे पंप सोडले, ड्रमवर खडूनं आकडे काढले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: 'कृत्रिम समुद्री मिठांचा तुलनात्मक अभ्यास. अभ्यासक: हेमराज पचारे.' दुसरी ओळ त्यांनी तीनदा वाचली. पाणी एक दिवस मुरू द्यायचं होतं.

गुरुवारी ते कॉलेजातून काचेच्या नळ्या आणि रसायनं घेऊन दुपारी परतले, तर अंगणात पाच बाया बसलेल्या. मधोमध मनकर्णाबाई, लुगडं खोचून, कोपरापर्यंत हात दोन नंबरच्या ड्रममध्ये. ड्रमच्या तोंडावर पोचट धान तरंगत होतं.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठीची रोपं, टाकायच्या आधी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवतात. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, तळाला बसलेले भरीव दाणे साध्या पाण्यानं धुऊन पेरायचे. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, असं कृषी खात्याची माणसं गावोगाव सांगत फिरतात. समुद्राच्या पाण्याला साधारण साडेतीनशे लागतं. म्हणजे समुद्र आणि बियाण्याचं पाणी यांत पन्नास ग्रॅमचा फरक, आणि तो मनकर्णाबाईंच्या जिभेला फरक वाटत नव्हता. त्या सकाळच्या बसनं बियाणं भरलेली चुंगडी घेऊन आल्या होत्या. अंगणात खारं पाणी तयार पाहिलं, बोट बुडवून चाखलं, आणि त्यांना वाटलं की पोरानं यंदा पहिल्यांदाच आईच्या शेतीची आठवण ठेवली.

"माय, हे काय करून राह्यली?"

"बियाणं धुऊन राह्यली. तू तीन ड्रम भरून ठेवले, मले लय बरं वाटलं. म्हणून यायलेबी बलावलं."

हेमराजभाऊंनी हातातल्या नळ्या ओट्यावर ठेवल्या. रागवायचं तर आईच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात, आनंदानं. त्यांनी रीताकडे पाहिलं. रीता म्हणाली, "मी सांगतलं होतं त्यायले, हे माशाचं आहे. त्या म्हणे, माशाले इतकं पाणी लागते का."

"तिन्ही पाण्यात धुतलं का?" हेमराजभाऊंनी क्षीण आवाजात विचारलं.

"धुतलं ना. एक नंबरचं बेकार आहे, खाली चुन्यावानी गाळ बसते, दाना खरखरीत होते. तीन नंबरले फेस येते. दोन नंबरचं चांगलं, हाताले चिकटत नाई." मनकर्णाबाईंनी बोट चाटून पाहिलं. "अन् चवबी भरीव आहे."

सत्तावीस वर्षांच्या अनुभवातून जो निष्कर्ष यायचा होता तो असा ओल्या हातानं, अर्ध्या तासात, एकही नळी न वापरता आला. हेमराजभाऊंना कसंसंच झालं. त्यांनी वहीत लिहिलं, 'चाचणीत बाह्य व्यत्यय,' आणि उद्या नव्यानं पाणी करायचं ठरवलं. मीठ अजून बरंच होतं. रविवारी दिव्यानी येणार होती.

पण धनराजभाऊ कुंपणावर होते. ते संध्याकाळी चहाच्या टपरीवर म्हणाले, "हेमराजभाऊच्या घरी समुद्राच्या पाण्यात बियाणं धुऊन देतात." दुसऱ्या टपरीपर्यंत त्यात भर पडली की, या पाण्यात धुतलेल्या धानाला तुडतुडा लागत नाही. तुडतुडा म्हणजे धान वाळवणारी कीड. तिचं नाव काढलं की इथला शेतकरी झोपेतून उठून बसतो. तिसऱ्या टपरीपर्यंत हे पाणी रत्नागिरीच्या सरकारी कॉलेजनं पाठवलेलं झालं होतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता दार उघडलं तर फाटकापासून धनराजभाऊंच्या संडासापर्यंत रांग. सायकली, फटफट्या, चुंगड्या, एक ऑटो. हेमराजभाऊ बनियनवर हात जोडून सांगत होते की बाप्पा, हे माशाचं पाणी आहे, धानाचं नाही. लोक मान हलवत होते आणि जागा सोडत नव्हते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "दोन नंबरचं संपलं का?" मनकर्णाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "एक नंबरचं नका घेऊ." धनराजभाऊ, कोणी न सांगता, रांगेला नंबर देत होते. तीस वर्षांच्या कंडक्टरकीनंतर माणसाला बेशिस्त रांग पाहवत नाही.

साडेनऊला जीप आली. खतं आणि बियाण्यातली बोगसगिरी पकडायला हंगामात भरारी पथक फिरतं, ते हे. पुढे कृषी अधिकारी आचल मॅडम होत्या, वय अठ्ठावीस, नोकरीत नव्या, फार नम्र. नम्र माणसाशी भांडता येत नाही, ही अडचणच होती.

"काका, ही पांढरी पावडर कसली?"

"मीठ आहे मॅडम. समुद्राचं. म्हणजे समुद्राचं नाई, समुद्रासारखं."

"यात काय काय आहे?"

इथं हेमराजभाऊंचा घात त्यांच्या ज्ञानानं केला. आयुष्यात पहिल्यांदा एका अधिकाऱ्यानं त्यांना रसायनशास्त्राचा प्रश्न विचारला होता. ते ताठ झाले आणि म्हणाले, "कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, बोरॉन, थोडं स्ट्रॉन्शियम."

मॅडमनी एकेक शब्द लिहून घेतला. "म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्यं. खत झालं ना काका हे. पिशवीवर कंपनीचं नाव कुठी आहे?"

"मीच काढाले लावलं."

"काऊन?"

"मी निःपक्षपाती राहावं म्हणून."

मॅडमनी हेही लिहून घेतलं. मग पंचनामा सुरू झाला. पंच म्हणून धनराजभाऊ पुढे आले, शर्ट बदलून. ड्रम नग तीन, पिशव्या नग तीन, वही एक, त्यात 'अभ्यासक' असा उल्लेख. गॅसची वही पुरावा म्हणून जोडली, कारण कोणत्या आकड्याचं मीठ कोणतं हे फक्त तिच्यात होतं. तांदूळ आणि चणाडाळ ओतून घेऊन डबेही गेले. रीता त्या वेळी पहिल्यांदा नवऱ्यावर खरोखर चिडली.

शेवटी मॅडम आतल्या खोलीत टाकीपुढे उभ्या राहिल्या. "यातही तेच द्रावण आहे ना? मग हेही सील करावं लागेल."

हेमराजभाऊ टाकीच्या आड येऊन उभे राहिले. इतका वेळ ते घाबरले होते, लाजले होते, पण आता त्यांचा आवाज बदलला. "मॅडम, मीठ न्या, ड्रम न्या, मले न्या. हिले हात लावू नका. रविवारी माझी पोर येऊन राह्यली. तिले मी काय दाखवू?"

मनकर्णाबाई काठी टेकत आल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "बाई, जित्या मासोळीले सील कसं लावतात? आमच्या तीन पिढ्या मासोळ्या धरून राह्यल्या, आम्ही तर असं नाई पाहिलं."

मॅडमनी नियम उघडून पाहिले. जित्या मासोळीबद्दल त्यात काही नव्हतं. दहा मिनिटं विचार करून त्यांनी सुपूर्तनामा लिहिला. म्हणजे वस्तू जप्त, पण सांभाळायला मालकाच्याच ताब्यात. 'काचेची टाकी नग एक. आत नारिंगी मासे नग दोन, जिवंत. दगडास चिकटलेला पदार्थ नग एक, हलतो. पुढील आदेशापर्यंत सदर मुद्देमाल जागेवरून हलवू नये.' हेमराजभाऊंनी सही केली. धनराजभाऊंनी त्याच्याखाली मोठी सही केली आणि तारीख घातली.

रविवारी दिव्यानी बल्लारपूरला गाडीतून उतरली आणि बसनं घरी आली. घरात तिन्ही ड्रम नव्हते, मीठ नव्हतं, अहवाल तर नव्हताच. बापानं मान खाली घालून सगळं सांगितलं. मध्ये मध्ये रीता आपल्या डब्यांबद्दल सांगत होती. दिव्यानी ऐकता ऐकता टाकीपाशी गेली. मासे काचेशी आले. मऊ जीव पसरून हातभर नाही, पण बोटभर रुंद झाला होता. काच आतून स्वच्छ होती, आणि टाकीशेजारी वही होती, तिच्यात एप्रिलपासून रोजची घनता, रोजचं तापमान, एक दिवस न चुकता.

"बाबा, हे तर चांगले आहेत," ती म्हणाली.

"पाणी बदलाचं होतं काल. मीठच नाई."

दिव्यानीनं पिशवीमागून वीस लिटरची कॅन ओढून काढली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून भरलेली. दोन गाड्या बदलून आणलेली. "मले वाटलंच होतं, काई ना काई होईन. खरा समुद्रच आणला."

मनकर्णाबाईंनी झाकण उघडून बोट बुडवलं आणि चाखलं. थोडा वेळ डोळे मिटून बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी समुद्र चाखला होता.

"दोन नंबरसारखाच आहे," त्या म्हणाल्या.

मग दिव्यानीनं सुपूर्तनामा वाचला. 'जागेवरून हलवू नये' इथं ती थांबली. "म्हणजे ही नागपूरले नेता येत नाई?"

"कायद्यानं नाई," हेमराजभाऊ म्हणाले, आणि ते फार गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

ऑगस्टच्या शेवटी सरकारी लिफाफा आला. तिन्ही नमुने सरकारी प्रयोगशाळेत तपासले होते, दशांश चिन्हापर्यंत. कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती, पोटॅशियम किती, न विरघळणारा गाळ किती, एक-दोन-तीन असे रकाने पाडून. हेमराजभाऊंना कॉलेजच्या नळ्यांवर असा तक्ता करायला जन्म लागला असता. त्यांनी पाठपोट हिशेब केला. एक नंबरात गाळ, तीन नंबरात मॅग्नेशियम कमी, आणि दोन नंबर, म्हणजे लिफाफ्यासोबत परत आलेल्या गॅसच्या वहीप्रमाणे हैदराबादचं पोतं, जवळजवळ समुद्र. मनकर्णाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग मी काय म्हणत होती?" खाली निष्कर्ष होता: तिन्ही नमुने खत नाहीत, खत म्हणून अप्रमाणित, मीठ समजावे. आणि वर विषय होता: 'हेमराज पचारे यांचेकडील तीन नमुन्यांचा तुलनात्मक तपासणी अहवाल.' नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं. त्यांनी तो कागद चंद्रपूरहून लॅमिनेट करून आणला आणि कॉलेजात सरांना दाखवला. सरांनी विचारलं की यात आपलंही नाव घालता आलं असतं का.

लिफाफ्यात दुसराही एक कागद होता. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे, मुद्देमाल मोकळा, टाकी इच्छेनुसार हलवण्यास हरकत नाही. तो कागद हेमराजभाऊंनी दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि टाकीच्या पायाखाली सरकवला. टाकीचा तो पाय तसाही थोडा हलायचा.

संध्याकाळी दिव्यानीचा फोन आला. अहवालाचे आकडे तिनं ऐकले, शाबासकी दिली, मग म्हणाली, "मंग टाकी मोकळी झाली का बाबा?"

हेमराजभाऊंनी आईकडे पाहिलं. आई शेंगा सोलत होती, तिनं मान वर केली नाही. रीतानं गॅस बारीक केला.

"त्याचं अजून काई आलं नाई," ते म्हणाले.

"राहू द्या मग," दिव्यानी म्हणाली. "सरकारी काम आहे. दहा-बारा वर्षं लागतात अशा गोष्टीले."

"लागतात ना," हेमराजभाऊ म्हणाले. फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले, आणि शनिवारच्या पाण्यासाठी मोकळं होऊन परत आलेलं दोन नंबरचं मीठ मोजायला घेतलं.